बहिणीची मांडी काळी पडली, म्हणून बाबांची गोळी बंद करू का?

पत्र सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंचं आहे. बरंच मोठं होतं, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देतोय.

"डॉक्टर, माझी मोठी बहीण ४१ वर्षांची. घोटा फ्रॅक्चर झाला, प्लास्टर होतं, त्यात पोटरीत रक्ताची गाठ झाली. ॲडमिट केलं, पोटात इंजेक्शनं दिली आणि त्याच दिवशी वॉर्फरिनची, म्हणजे रक्त पातळ करायची, गोळी सुरू केली. दोन दिवसांनी घरी सोडलं, घरी फक्त गोळी. चौथ्या दिवशी म्हणजे मंगळवारी सकाळी तिची मांडी दुखायला लागली, नुसती चादर लागली तरी ओरडायची. लाल चट्टा होता. सासूबाईंनी तेल-हळद गरम करून लावली. गुरुवारपर्यंत तळहाताएवढा भाग काळाठिक्कर आणि वर फोड. मोठ्या हॉस्पिटलला नेलं तर म्हणाले गोळीचा साइड इफेक्ट आहे, फार क्वचित होतो. गोळी बंद केली, इंजेक्शनं परत चालू केली, मेलेली कातडी काढून दुसऱ्या मांडीची कातडी लावली. मंगळवारी रात्री तिने चुकून दोन गोळ्या घेतल्या होत्या, रोज रडते की माझ्याच हाताने झालं. सासरचे म्हणतात उष्ण खाल्लं असेल. शेजारी म्हणतात ते उंदीर मारायचं औषध आहे, तुम्हाला माहीत नव्हतं का. आता मुख्य प्रश्न. आमच्या बाबांना हार्टचा मेटलचा व्हॉल्व्ह बसवलाय, नऊ वर्षं झाली, असिट्रॉम चालू आहे. बहिणीचं बघून आईने घाबरून त्यांची गोळी बंद केली, आज सहावा दिवस. बाबा म्हणतात बरं वाटतंय. कायमची बंद करू का? हे आमच्या रक्तातच आहे का, मला आणि बहिणीच्या मुलीला पण होईल का? आणि आता चालू आहे त्या इंजेक्शनने असं होत नाही ना?"

ताई, तुमचं पत्र वाचल्या वाचल्या मी तुम्हाला दोन ओळींचं उत्तर पाठवलं होतं की बाकी सगळं राहू द्या, बाबांना आजच्या आज त्यांच्या हार्टच्या डॉक्टरकडे न्या. तुम्ही नेलंत, ॲडमिट केलं, इंजेक्शनं सुरू झाली, इकोमध्ये व्हॉल्व्हची पानं नीट हलतायत असं तुम्ही उलट कळवलंत, फार बरं वाटलं. आता सविस्तर लिहितो कारण असं पत्र एखादंच येतं पण अशी भीती घराघरात आहे, आणि एकाचं बघून दुसऱ्याची गोळी बंद करणारी माणसं मी ओपीडीत सारखी बघतो.

आधी बाबांचंच बोलू. सहा दिवस गोळी बंद आणि बरं वाटतंय, हे बरं वाटणंच फसवं असतं. असिट्रॉम ही वॉर्फरिनच्याच जातीची गोळी, तिचा असर दोन-तीन दिवसांत उतरतो, म्हणजे निदान तीन दिवस तरी त्यांच्या व्हॉल्व्हला कसलंच संरक्षण नव्हतं. मेटलच्या व्हॉल्व्हवर गाठ धरायला लागली तर सुरुवातीला काहीच कळत नाही, पान अडकलं की मग एकदम धाप, नाहीतर गाठीचा तुकडा सुटून डोक्यात जातो आणि अर्धं अंग लुळं पडतं. रात्री सगळं शांत झालं की अशा माणसाच्या छातीतून घड्याळासारखी टिकटिक ऐकू येते, शेजारी झोपणाऱ्या बायकोला ती पाठ असते. तुमच्या आईला विचारा, तिला नक्की माहीत असणार. तो आवाज दबला, बदलला किंवा बंदच झाला तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही. तोंड वाकडं, बोबडं बोलणं, हात उचलत नाही, असं काही दिसलं तर सरळ १०८ ला फोन.

आता ज्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती सांगतो. तुम्ही लोकांनी घाबरून गोळी बंद केली, आणि मी लिहिलं की चालू पाहिजे, तर बाबांनी "सहा दिवस बुडाले" म्हणून भरपाईला दोन-दोन गोळ्या घेतल्या असत्या तर? हे लोक खरंच करतात. बहिणीला जो त्रास झाला तो गोळी नवीन सुरू होताना पहिल्या आठ-दहा दिवसांत होतो, बहुतेक वेळा तिसऱ्या ते पाचव्या दिवशीच. बाबा नऊ वर्षं गोळी घेतायत म्हणजे त्यांनी तो घाट कधीच पार केलाय. पण बरेच दिवस गोळी बंद ठेवून परत सुरू केली की शरीराच्या दृष्टीने ती पुन्हा नवीन सुरुवात असते. कधी घेतली कधी सोडली असं करणाऱ्यांमध्ये खूप उशिरा, महिन्यांनी वर्षांनी हा प्रकार झाल्याची उदाहरणं आहेत. त्यात घरात बहिणीचं असं झालेलं. म्हणून बाबांची गोळी परत सुरू करायची ती हॉस्पिटलमध्ये, इंजेक्शन चालू असताना, हळूहळू, आणि तिथल्या डॉक्टरांना बहिणीचा सगळा किस्सा सांगून. तुम्ही सांगितलाय ना? नसेल तर हे वाचून झाल्यावर लगेच फोन करा.

आता बहिणीला नक्की काय झालं ते. बऱ्याच जणांना वाटतं रक्त फार पातळ झालं, आत सांडलं, म्हणून काळं पडलं. इथे झालं बरोबर उलटं. त्वचेच्या खालच्या बारीक नसांमध्ये गाठी झाल्या, रक्त पोचायचं थांबलं आणि तेवढी कातडी आणि चरबी मेली. गाठ होऊ नये म्हणून दिलेल्या गोळीने गाठ कशी होते, असं कोणीही विचारेल.

तर आपलं लिव्हर व्हिटॅमिन के वापरून रक्त गोठवणारी प्रोटीन बनवतं आणि त्याच व्हिटॅमिनवर गोठणं आवरणारी प्रोटीन पण बनवतं, त्यांची नावं प्रोटीन सी आणि प्रोटीन एस. वॉर्फरिन आणि असिट्रॉम दोन्ही या व्हिटॅमिन केच्या कामात खीळ घालतात, म्हणजे सगळ्यांचंच उत्पादन बंद. पण आधी तयार असलेला साठा संपायला प्रत्येकाला वेगळा वेळ लागतो. प्रोटीन सी आठ-एक तासांत निम्मं होतं आणि गोठवणारं जे मुख्य प्रोथ्रॉम्बिन आहे ते निम्मं व्हायला अडीच दिवस घेतं. घाटात गाडीचे ब्रेक आधी निकामी व्हावेत आणि इंजिन मात्र अजून जोरात चालू असावं, तसे ते पहिले काही दिवस. बहुतेकांमध्ये हे निभावून जातं कारण प्रोटीन सी मुळात भरपूर असतं आणि सोबत हेपरिनचं, म्हणजे रक्त पातळ करायचं, इंजेक्शन चालू असतं. ज्याच्यात प्रोटीन सी जन्मापासूनच निम्मं आहे त्याचा ब्रेक आधीच ढिला, त्यात गोळी पडली की एक-दोन दिवसांत साठा तळाला जातो.

म्हणूनच पायातल्या गाठीला गोळी सुरू करताना इंजेक्शन सोबत किमान पाच दिवस चालू ठेवतात आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा टेस्टचा आकडा, २ च्या वर जाऊन वर चोवीस तास टिकला की मगच बंद करतात. नुसता आयएनआर वाढला म्हणजे संरक्षण मिळालं असं नसतं, सुरुवातीला तो वाढतो तो फॅक्टर सात नावाचं गोठवणारं एक प्रोटीन लवकर संपतं म्हणून, खरं काम प्रोथ्रॉम्बिन कमी झाल्यावर होतं. तुम्ही लिहिलंय की दोन दिवसांनी घरी फक्त गोळी. फाईल माझ्यासमोर नाही, घरी टोचायची इंजेक्शनं लिहून दिली होती आणि आणली गेली नाहीत का, की लिहिलीच नव्हती, हे मला कळायला मार्ग नाही, त्यामुळे मी कोणाकडे बोट दाखवत नाही. पण डिस्चार्ज कार्ड काढून वाचा आणि जे असेल ते आत्ताच्या डॉक्टरांना दाखवा, पुढच्या उपचारासाठी ते कामाचं आहे. आणि सगळं नीट केलं तरी हा प्रकार कधीमधी होतोच हेही खरं आहे. हजारात एक ते दहा हजारात एक असं प्रमाण धरतात.

आता बहिणीच्या रडण्याबद्दल, कारण मला वाटतं त्या जखमेवर अजून कोणीच मलम लावलेलं नाही. तुमचंच पत्र परत वाचा. दुखायला लागलं मंगळवारी सकाळी. दोन गोळ्या घेतल्या मंगळवारी रात्री. म्हणजे गोळ्या चुकायच्या आधीच मांडीतल्या नसा बंद व्हायला लागल्या होत्या, त्याशिवाय चादर लागली तरी ओरडेल असं दुखत नाही. एका रात्रीच्या जास्तीच्या गोळीने आधीच्या सकाळचं दुखणं होत नाही हो. हे तिला तुम्ही वाचून दाखवा, तिच्या नवऱ्यासमोर आणि सासूबाईंसमोर दाखवा. उष्ण खाण्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही, पपई खाल्ली, आंबा खाल्ला, तिखट खाल्लं, कशाचाच नाही. सासूबाईंनाही दोष देऊ नका, लाल चट्टा दिसला की आपल्याकडे कोणीही हळदच लावणार, त्यांनी मायेने लावली. फक्त इथून पुढे घरात सगळ्यांनी लक्षात ठेवा की अशा चट्ट्याला शेक, गरम तेल, बर्फ, चोळणं यातलं काही करायचं नाही, तिथल्या कातडीला आधीच रक्त पोचत नसतं, तिला भाजायला वेळ लागत नाही.

मग साधं काळंनिळं आणि हे, यातला फरक कसा ओळखायचा, कारण रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्याला जरा कुठे आपटलं तरी निळं पडतंच. साधा निळा डाग दाबल्यावर थोडा दुखतो, कडा पसरट असतात, दोन-चार दिवसांत हिरवट मग पिवळा होत जातो. याची सुरुवातच दुखण्याने होते, डाग दिसायच्या आधी किंवा डागासोबत, आणि दुखणं डागाच्या मानाने फारच जास्त असतं. मग लाल, कडा स्पष्ट, हाताला कडक लागणारा चट्टा, मग जांभळा, मग काळा, त्यावर रक्ताचे फोड, हे सगळं तासांच्या हिशोबात, एक-दोन दिवसांत. जागा पण ठरलेल्या, जिथे चरबी जास्त तिथे, मांड्या, ढुंगण, पोट, आणि स्तन. पुरुषांमध्ये कधीकधी लिंगावर होतं. बायकांमध्ये जास्त दिसतं, त्यातही चाळिशी-पन्नाशीच्या, अंगाने भरलेल्या. आणि इथे एक सांगायलाच पाहिजे, छाती दुखतेय आणि लाल झालीय हे आपल्याकडच्या बायका पुरुष डॉक्टरला सोडा, घरातल्या नवऱ्यालाही दोन-दोन दिवस सांगत नाहीत. लाजेत गेलेल्या त्या दोन दिवसांत स्तन काढायची वेळ येऊ शकते. नवीन गोळी सुरू केलेली बाई घरात असेल तर घरातल्या दुसऱ्या बाईने पहिले दहा दिवस रोज उघडपणे विचारावं, काही दुखतंय का, कुठे लाल दिसतंय का.

अजून एक गोष्ट जी तुमच्या पत्रात नाही पण बरेचदा होते. पेशंट चट्टा घेऊन जातो, आयएनआर करतात, तो २.४ येतो, आणि सांगतात रिपोर्ट छान आहे, काही नाही, घरी जा. या आजारात आयएनआर हवा त्या रेंजमध्ये असू शकतो, इथे डोस जास्त होऊन हे झालेलं नसतं. त्यामुळे रिपोर्ट चांगला आला तरी मांडी दुखतेय आणि काळी पडतेय तर परत जायचं, आणि स्पष्ट म्हणायचं की वॉर्फरिन सुरू करून चार दिवस झालेत, हे त्याच्यामुळे तर नाही ना. दिवस मोजून सांगा, डॉक्टरचं डोकं तिथेच चालायला लागतं. वेळेत लक्षात आलं तर गोळी थांबवून व्हिटॅमिन के देतात, हेपरिन चालू करतात, गरज पडली तर प्लाझ्मा किंवा प्रोटीन सी देतात, आणि मेलेला भाग काढून कातडी लावतात. तुमच्या बहिणीला पुढच्या हॉस्पिटलमध्ये बरोबर ओळखलं आणि गोळी थांबवून इंजेक्शन चालू ठेवलं, कारण पोटरीतली गाठ तर होतीच, नुसती गोळी बंद करून भागणार नव्हतं.

आता उंदराच्या औषधाचं. शेजारी म्हणतात ते खोटं नाही पण त्यावरून काढलेला अर्थ चूक आहे. १९२० च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेला गुरं अचानक रक्तस्राव होऊन मरायला लागली, शिंगं कापली तरी रक्त थांबेना. कारण निघालं बुरशी लागलेला स्वीट क्लोव्हर नावाचा चारा. १९३३ च्या थंडीत विस्कॉन्सिनचा एक शेतकरी हिमवादळात मेलेली कालवड आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त घेऊन तिथल्या युनिव्हर्सिटीत गेला, तिथे कार्ल पॉल लिंक आणि त्यांच्या लोकांनी काही वर्षं खपून त्या चाऱ्यातला पदार्थ शोधून काढला. त्याच घराण्यातलं वॉर्फरिन १९४८ मध्ये उंदरांसाठी बाजारात आलं, १९५४ मध्ये माणसांसाठी मंजूर झालं आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हार्ट अटॅकनंतर दिलं गेलं. उंदराला भरमसाठ घातलेलं आणि माणसाला मिलीग्रॅममध्ये मोजून, आयएनआर बघत दिलेलं, यात फरक आहे. ही गोळी धाकाची आहे, निष्काळजीपणा चालत नाही, एवढं मात्र शंभर टक्के खरं.

तुम्ही म्हणाल मग बाबांना त्या नवीन गोळ्या देऊ या, रिव्हारोक्सॅबान, ॲपिक्सॅबान, डॅबिगॅट्रान, ज्यांना आयएनआर लागत नाही. या गोळ्या व्हिटॅमिन केच्या वाटेला जात नाहीत त्यामुळे हा प्रोटीन सीचा घोळ त्यांच्यात नाही, आणि बहिणीच्या गाठीसाठी पुढे तिचे डॉक्टर त्यांचा विचार करतीलही. पण मेटलच्या व्हॉल्व्हला त्या चालत नाहीत. डॅबिगॅट्रान व्हॉल्व्हच्या पेशंटना देऊन बघितली होती, गाठी पण जास्त झाल्या आणि रक्तस्राव पण, अभ्यास मध्येच थांबवावा लागला, २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आणि आपल्याकडे लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेले पेशंट जास्त, त्यांच्यातही हार्टचे ठोके अनियमित असतील तर जुनी गोळीच सरस ठरली असं २०२२ च्या मोठ्या अभ्यासात दिसलं. त्यामुळे बाबांचा व्हॉल्व्ह तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेचा असो नाहीतर परदेशी, त्यांना असिट्रॉम किंवा वॉर्फरिनच लागणार, ती पण जन्मभर. मेडिकलवाल्याने किंवा एखाद्या नातेवाईकाने "अमुक चांगली आहे" म्हणून बदलून दिली तर घेऊ नका.

इंजेक्शनबद्दल विचारलंत. खोटं सांगणार नाही, हेपरिनच्या इंजेक्शननेही क्वचित त्वचा मरते, पण कारण वेगळं आहे. काही जणांचं शरीर हेपरिनविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार करतं, त्यामुळे प्लेटलेट घसरतात आणि तरीही गाठी होतात. हे साधारण पाचव्या ते दहाव्या दिवशी दिसतं, आधी कधी हेपरिन मिळालं असेल तर लवकरही, आणि बहिणीला तर आता दुसऱ्यांदा चालू झालंय. टोचल्याच्या जागी साधे निळे ठिपके सगळ्यांनाच पडतात, त्याला घाबरायचं कारण नाही. तिथे दुखरा लालकाळा चट्टा झाला किंवा प्लेटलेट निम्म्यावर आल्या तर मात्र लगेच कळवायचं. डॉक्टरांना एवढंच विचारा की प्लेटलेट कधी कधी बघताय. बहुतेक ते बघतच असतील, तुमच्या विचारण्याने त्यांना राग येणार नाही, आणि आला तरी विचारा. या प्रकारात प्लेटलेट वर यायच्या आधी वॉर्फरिन दिली तर अख्खा पाय काळा पडण्यापर्यंत जाऊ शकतं, म्हणून हे महत्त्वाचं.

इतर वाचकांसाठी दोन शब्द, कारण गोळीमुळे कातडीला होणारं सगळंच असं पहिल्या आठवड्यात होत नाही. गोळी सुरू करून तीन ते आठ आठवड्यांनी पायाची बोटं जांभळी पडतात आणि दुखतात, दाबली की फिकी होतात, पाय वर केला की रंग उतरतो, त्यात धमनीतल्या कोलेस्टेरॉलचे कण सुटून बोटांत अडकलेले असतात. आणि डायलिसिसवरच्या पेशंटमध्ये वॉर्फरिन चालू असताना मांडीवर पोटावर खूप दुखणारे, जाळीसारखे जांभळे चट्टे आणि मग जखमा होतात, तिथे बारीक नसांमध्ये कॅल्शियम साठतं, ते महिन्यांनी वर्षांनीही होऊ शकतं. दोन्हीत घरी थांबायचं नाही.

आता रक्तातच आहे का, याचं उत्तर. असू शकतं. अशा पेशंटमध्ये बऱ्याच जणांत प्रोटीन सी कमी सापडतं, काहींत प्रोटीन एस, आणि काहींत कितीही शोधलं तरी काहीच सापडत नाही. सापडलं तर ते बहुतेक आई किंवा वडिलांकडून आलेलं असतं आणि पुढे प्रत्येक मुलात यायची शक्यता निम्मी. पण टेस्ट कधी करायची यात लोक फार पैसे वाया घालवतात. गोळी चालू असताना प्रोटीन सी आणि एस दोन्ही कमीच येणार, तो रिपोर्ट बघून काही ठरवता येत नाही, म्हणजे बाबांची टेस्ट आत्ता करून उपयोग नाही, आणि टेस्टसाठी त्यांची गोळी बंद करायचा विचार तर मनातही आणू नका. बहिणीचीही नवीन गाठ आणि नुकतीच बंद झालेली गोळी, अशात लगेच नको, गोळी बंद होऊन निदान दोन-चार आठवडे जाऊ देत, कधी करायची ते रक्ताच्या आजारांचे डॉक्टर सांगतील. तुमची मात्र आत्ताही होऊ शकते, फक्त तुम्ही गरोदर असाल किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर आधी सांगा, त्यात प्रोटीन एस तसंही खाली जातं. कुठे जायचं तर मोठ्या शहरातले हिमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे हेच रक्ताच्या आजारांचे डॉक्टर, आणि मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची रक्तविकारांची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे हे काम चालतं. जायच्या आधी चौकशी करून जा.

बहिणीच्या मुलीचं वय तुम्ही लिहिलं नाही. ती वयात आलेली असेल तर टेस्ट होईपर्यंत एक गोष्ट सांभाळा, गणपतीला, लग्नाला, वारीला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून आणून द्यायच्या नाहीत, आधी डॉक्टरला विचारायचं आणि मावशीने आईचं काय झालं ते सांगायचं. गर्भनिरोधक गोळ्यांचंही तेच. तुम्हालाही हाच नियम. बाकी प्रोटीन सी कमी असलेली पुष्कळ माणसं जन्मभर काही न होता जगतात, प्लास्टर, मोठं ऑपरेशन, बाळंतपण, लांबचा प्रवास अशा वेळी काळजी घ्यावी लागते इतकंच, म्हणून पोरीला घाबरवून ठेवू नका.

बहिणीसाठी एक काम आजच करा. जाड कागदावर मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीत लिहा, "वॉर्फरिन सुरू केल्यावर त्वचा मृत झाली, वॉर्फरिन किंवा असिट्रॉम रक्तविकार तज्ज्ञांना विचारल्याशिवाय देऊ नये", खाली महिना आणि वर्ष, डॉक्टरांचा शिक्का घ्या, लॅमिनेट करा आणि आधार कार्डासोबत ठेवा, फोटो नवऱ्याच्या आणि तुमच्या मोबाईलमध्ये. दहा वर्षांनी दुसऱ्या गावात दुसऱ्या कारणाने ॲडमिट झाली तर तेव्हा हे सांगायला कोण जवळ असेल कोणास ठाऊक. तिला पुढे कधी ही गोळी द्यावीच लागली तर अगदी छोट्या डोसने आणि इंजेक्शनच्या आधाराने देता येते, पण ते तज्ज्ञांचं काम.

आणि बाबांची गोळी परत नीट बसली की रोज ठरलेल्या वेळी, मेथी-पालक-अळू बंद करायची गरज नाही, आठवड्याला साधारण सारखं खा, एक आठवडा रोज आणि पुढचे तीन आठवडे शून्य असं नको. गुडघ्याला म्हणून डायक्लोफिनॅक मनाने नाही, जुलाबाला मेट्रोनिडाझोल कोणी लिहिली तर लिहिणाऱ्याला सांगायचं की असिट्रॉम चालू आहे. आयएनआरची वही करा, तारीख, आकडा, डोस. सुरुवातीचे काही आठवडे आयएनआर लवकर लवकर करावा लागेल, कंटाळू नका, आईलाच त्या वहीची जबाबदारी द्या, तिने भीतीपोटी बंद केली होती, तिलाच आकडे दिसायला लागले की तिची भीती जाईल. बाबा घरी आले की पहिला आयएनआर आणि बहिणीचं डिस्चार्ज कार्ड, दोन्हीचे फोटो मला पाठवा, पान सपाट ठेवून उजेडात काढा म्हणजे वाचता येतील.